विमान माघारी फिरतं, मग आमचा माणूस का नाही?

मार्च २०२५ चा दुसरा आठवडा. कवठे महांकाळमध्ये जयंतीच्या तयारीची पहिली बैठक घ्यायला आम्ही विहारात जमलो होतो. वर्गणी किती, व्याख्याता कोण, डीजे लावायचा की नाही, हे दरवर्षीचे वाद सुरू व्हायच्या आधी पोरांच्या मोबाईलवर एकच विषय फिरत होता. शिकागोहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं विमान संडास तुंबले म्हणून अर्ध्या वाटेतून परत गेलं. त्यावर विनोद, मीम, 'आपल्या लोकांना विमानात बसायची अक्कल नाही' असले शहाणपणाचे मेसेज. आम्हीही हसलो, खोटं कशाला सांगायचं.

कोपऱ्यात एक मामा बसले होते. वय पन्नाशीच्या पुढे. तालुक्यात आणि खाली मिरजेकडेही सेप्टिक टँक उपसायच्या कामाला जातात. त्यांनी विचारलं, "संडास तुंबला म्हनून एवढं मोठं इमान माघारी नेलं?"

"व्हय मामा."

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आनि आमी टाकीच्या तोंडाला जाऊन म्हनलं, आज आतलं लक्षान बरं न्हाई, नगं उतराय, तर मुकादम म्हनतो, उद्यापासनं येऊ नगंस."

हसणं थांबलं. बैठक पुढे वर्गणीवर गेली. पण ते वाक्य आमच्या डोक्यातून गेलेलं नाही. हा लेख त्या वाक्यावर आहे.

आधी शिकागोच्या विमानाचं नेमकं काय झालं ते बघू, कारण मीममधून ते कळत नाही. ५ मार्च २०२५ ला एअर इंडियाचं १२६ क्रमांकाचं विमान शिकागोहून निघालं. उड्डाणानंतर साधारण पावणेदोन तासांनी काही संडास चालत नसल्याचं कर्मचाऱ्यांनी कळवलं. पुढे १२ पैकी ८ बंद पडले. तोवर विमान अटलांटिक महासागरावर आलं होतं. युरोपातल्या एखाद्या शहरात उतरता आलं असतं, पण तिथल्या बहुतेक विमानतळांवर रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत, म्हणून शिकागोलाच परतायचं ठरलं. दहा तासांच्या आसपास हवेत राहून विमान जिथून निघालं तिथेच उतरलं. नंतर कंपनीने जाहीर केलं की पाइपांत प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि कपडे अडकलेले सापडले.

बघा, इंजिनं ठीक होती. पंख ठीक होते. मरणाची भीती नव्हती. प्रश्न एवढाच होता की शेकडो माणसांनी उरलेले तास चार संडासांवर काढावेत का? कंपनीने ठरवलं, नाही. इंधन गेलं, दिवस गेला, प्रवाशांची राहायची सोय करावी लागली, नाचक्की झाली ती वेगळीच. तरी विमान फिरलं. आम्हाला त्या निर्णयाचा राग नाही, तो बरोबरच होता. आमचा प्रश्न पुढचा आहे. माणसाच्या सोयीसाठी आणि अब्रूसाठी एवढा खर्च करून मागे फिरता येतं हे या देशाच्या कंपन्यांना कळतं, तर तेच ज्ञान टाकीच्या झाकणाजवळ आल्यावर कुठे जातं?

विमानातला संडास चालतो कसा, हेही आमच्या पोरांनी समजून घ्यावं. बटण दाबलं की हवेच्या ओढीने मैला पाइपातून टाकीत जातो. विमान उतरलं की खाली गाडी येते, जाड नळी जोडते, टाकी रिकामी करून निघून जाते. मैल्याला माणसाचा हात लागू नये ही रचना पस्तीस हजार फुटांवर उडणाऱ्या यंत्रात बसवता आली. आमच्या गल्लीतल्या दहा फूट खोल टाकीसाठी मात्र दोरी, बादली आणि माणूस. हे तंत्रज्ञानाचं मागासलेपण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. त्या टाकीत उतरणारा माणूस दर वेळी त्याच दोन-चार जातींचा कसा निघतो?

आता 'माघारी फिरणं' म्हणजे काय ते बघू. गेल्या काही वर्षांत 'विमान माघारी' ही बातमी महिन्यातून दोनदा तरी दिसते. जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ माणसं गेली, त्यानंतर तर अशा प्रत्येक बातमीने लोकांच्या छातीत धस्स होतं. खरं म्हणजे विमान माघारी येणं ही चांगली बातमी असते. बिघाड वेळेत कळला, कळल्यावर कुणीतरी बोललं, आणि बोलल्यावर ते ऐकलं गेलं, असा तिचा अर्थ. यातली एक जरी पायरी चुकली तर काय होतं ते आपल्या मुंबईने पाहिलं आहे.

२० सप्टेंबर २०१८ ची सकाळ. मुंबईहून जयपूरला निघालेलं जेट एअरवेजचं विमान, आत १६६ प्रवासी. इंजिनाकडून केबिनमध्ये हवा घेण्याचं बटण चालू करायचं राहून गेलं. विमान वर चढत गेलं तशी आतली हवा विरळ होत गेली. डोक्यावरून ऑक्सिजनचे मास्क खाली आले, तीसहून जास्त प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं. विमान तातडीने मुंबईला परत आणलं गेलं. सगळे जिवंत उतरले. वैमानिकांना कामावरून बाजूला करून चौकशी लावण्यात आली.

याच जातीची चूक २००५ च्या ऑगस्टमध्ये सायप्रसहून ग्रीसला निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात झाली होती. जमिनीवरच्या तपासणीनंतर हवेच्या दाबाचं एक बटण चुकीच्या जागी राहिलं. धोक्याचा भोंगा वाजला, पण वैमानिकांना तो वेगळ्याच बिघाडाचा वाटला. हवा कमी पडली की मेंदूला आपण गुदमरतोय हे कळतच नाही. उलट माणसाला सगळं ठीक आहे असं वाटतं, साधी बेरीज चुकते आणि चुकलेलीही समजत नाही. ते दोघे बेशुद्ध पडले, विमान आपोआप उडत राहिलं, इंधन संपलं, डोंगरावर आदळलं. १२१ माणसं गेली.

हे एवढं तपशिलात सांगायचं कारण मैल्याची टाकी नेमकी अशीच मारते. टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचतो. कमी असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला, आता बरं आहे. तेवढ्यात पाय लटपटतात आणि तो खाली पडतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. मग तिसरा. पेपरात 'एकाला वाचवताना तिघांचा मृत्यू' अशी बातमी येते, आणि खाली कामगारांनी 'निष्काळजीपणा' केल्याचं छापलेलं असतं. विमानात बसल्या बसल्या प्रत्येकाला सांगतात, आधी स्वतःचा मास्क लावा, मग शेजाऱ्याचा. टाकीवर हे कोण कुणाला सांगतं? आणि मास्क कुठला?

विमानवाल्यांनी या प्रश्नावर काढलेला तोडगा साधा आहे. माणसाच्या अंगावर विश्वास ठेवू नका, यंत्र लावा आणि नियम करा. जेटचं ते विमान ज्या जातीचं होतं त्यात केबिनमधली हवा दहा हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली की भोंगा वाजतो, चौदा हजारांच्या आसपास मास्क आपोआप पडतात. भोंगा वाजल्यावर काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं, तिथे वाद घालत बसायचं नसतं. आम्ही मामांना विचारलं, तुमचा भोंगा कुठला? ते म्हणाले, "दिवा सोडून बगायचा. इझला तर थांबायचं." दिवा विझला नाही आणि आत मिथेन असला तर भडका उडतो, हे त्यांना माहीत आहे. त्यांच्या एका सोबत्याचा हात तसाच भाजला. वायू मोजायचं हातात मावणारं मीटर बाजारात मिळतं, चांगल्या मोबाईलच्या किमतीत. ते मुकादमाकडे नाही, ठेकेदाराकडे नाही, घरमालकाने तर नावही ऐकलेलं नाही.

पण यंत्र असून भागत नाही. इथे आम्ही मूळ मुद्द्याला येतो.

१ जानेवारी ही तारीख आपल्याला भीमा कोरेगावसाठी पाठ आहे. त्याच तारखेला १९७८ साली मुंबईत एक मोठा विमान अपघात झाला, तो आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. एअर इंडियाचं पहिलं जम्बो जेट, नाव 'एम्परर अशोक'. (सम्राट अशोकाचं नाव या देशाला विमानाला, हॉटेलला, रस्त्याला द्यायला चालतं, त्याच्या धम्माचं काय ते विचारू नका.) रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती, एकही वाचला नाही. विमान सरळ आहे की कललं आहे हे दाखवणारं मुख्य वैमानिकाच्या समोरचं उपकरण बिघडलं होतं. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, बाहेर बघून काही कळायची सोय नाही. उपकरण दाखवत होतं की विमान उजवीकडे कललं आहे, म्हणून वैमानिकाने ते डावीकडे वळवलं, वळवतच गेला. कॉकपिटमध्ये तशी आणखी दोन उपकरणं चालू होती. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने त्या बिघडलेल्या उपकरणावर जाऊ नका असं सांगायचा प्रयत्न केल्याचं नंतर मिळालेल्या ध्वनिफितीत नोंदलेलं आहे. वेळ फार थोडा होता. सांगणं आणि ऐकणं यांच्यात विमान गेलं.

त्याच्या आदल्या वर्षी, २७ मार्च १९७७ ला, तेनेरिफ बेटावर दोन जम्बो धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अपघात. तिथेही फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं आहे का. मुख्य वैमानिक कंपनीतला नामांकित, ज्येष्ठ माणूस. त्याने ते उडवून लावलं. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही.

या आणि अशा अपघातांतून जगभरच्या विमान कंपन्या एक गोष्ट शिकल्या. कॉकपिटमधली उतरंड माणसं मारते. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने यावर कार्यशाळा घेतली आणि तिथून एक नवं प्रशिक्षण सुरू झालं. कनिष्ठाने धोका दिसला तर स्पष्ट बोलायचं, ज्येष्ठाने ते ऐकायचं, आणि हे शिष्टाचार म्हणून नव्हे तर कामाचा भाग म्हणून शिकवायचं, तपासायचं. आज कुठल्याही कंपनीच्या वैमानिकाला या प्रशिक्षणातून जावं लागतं. शिवाय अपघाताची चौकशी दोषी शोधण्यासाठी नसून पुढचा अपघात टाळण्यासाठी आहे, असं आपल्या देशाच्या २०१७ च्या नियमांतही लिहिलेलं आहे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला श्रेणीबद्ध विषमता हा शब्द शिकवला गेला तेव्हा तो परीक्षेपुरता पाठ केला. बाबासाहेबांनी सांगितलं होतं की जात ही श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, आणि ते श्रमिक एकाखाली एक रचलेले आहेत. त्या रचनेत खालून वर आवाज जात नाही. कॉकपिटमध्ये खालचा आवाज वर गेला नाही तर वरचाही मरतो, कारण दोघे एकाच विमानात बसलेले असतात. म्हणून तिथे सुधारणा झाली. टाकीच्या बाबतीत वर उभा असलेला मुकादम मरत नाही, ठेकेदार मरत नाही, बंगल्याचा मालक तर पडद्याआडून बघत असतो. मरतो तो एकटा खालचा. म्हणून तिथे पन्नास वर्षांत काही शिकलं गेलं नाही. आमच्या मते सगळं गणित एवढंच आहे.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, म्हणजे महापरिनिर्वाण दिनी लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाने गटारात आणि मैलाटाकीत माणसाला धोकादायक सफाईसाठी उतरवण्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले. त्यांच्या बायका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या तेव्हा कुठे सप्टेंबर २०२१ मध्ये भरपाईचा आदेश निघाला. पावणेदोन वर्षं, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने संसदेत एका सामाजिक लेखापरीक्षणाची माहिती दिली. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत अशा कामात १५० माणसं मेली, त्यातल्या ५४ मृत्यूंची तपासणी झाली. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर संरक्षणाचं एकही साधन नव्हतं. हे आकडे तुम्ही वाचले असतील. पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त बोचली. २७ प्रकरणांत कामगाराची संमतीच घेतलेली नव्हती, आणि १८ प्रकरणांत लेखी संमती घेतली होती पण धोका काय हे सांगितलं नव्हतं.

संमती! ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची संमती म्हणजे काय हो? मामांनाही विचारलं तर ते हो म्हणतील, अंगठा नव्हे, चांगली सही करतील. त्या सहीचा अर्थ एवढाच की उद्या पुन्हा बोलावणं यावं. वैमानिक 'मी जात नाही' म्हणू शकतो, अर्ध्या वाटेतून फिरू शकतो, आणि त्या दिवसाचा त्याचा पगार कापला जात नाही. म्हणून त्याच्या 'जातो' या शब्दाला किंमत आहे.

काही मित्र म्हणतील, नकार कसला मागता, यंत्र मागा. यंत्र हवंच. पण उपसा करणारी गाडी आमच्या बोळात शिरत नाही, आणि शिरली तरी तळाचा घट्ट गाळ नळीने येत नाही, मग मुकादम म्हणतो, जरा उतरून सैल कर. यंत्र येईपर्यंत आणि यंत्र आल्यावरही त्या शेवटच्या 'जरा' साठी नकार लागतो. आणि ही काही नवी कल्पना नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३६ वं कलम होतं. विषारी वायू असलेल्या टाकीत कुणी उतरायचं असेल तर आधी जाणत्या माणसाने तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनाचं साधन आणि कमरेला दोर असावा, दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं. साखर कारखान्याच्या टाकीला जो नियम १९४८ साली सुचला, तो शेजारच्या चाळीच्या टाकीला कुणाला सुचला नाही. वायू तोच. उतरणारा माणूस वेगळा.

आपल्या चळवळीला नकाराचं महत्त्व इतरांनी शिकवायची गरज नाही. ती उभीच नकारातून राहिली. महाडनंतर गावोगावच्या आपल्या लोकांनी मेलेली जनावरं ओढायचं नाकारलं, त्याची किंमत बहिष्काराने मोजली. दाणागोटा बंद, वाट बंद, पाणी बंद. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदलाचं विधेयक मांडलं, कारण वतन म्हणजे गावाचं काम नाकारता न येणं. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहाचं विधेयक आणून संपावर बंधनं घातली तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षातर्फे बाबासाहेब त्याविरुद्ध उभे राहिले. काम नाकारणं हा गुन्हा ठरवणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांना सोबत घेऊन त्यांनी एक दिवसाचा संप घडवला. आम्ही जयंतीच्या पत्रकावर 'कामगारांचे कैवारी' असं छापतो, पण हा संप किती पोरांना माहीत आहे?

आता जरा कडू बोलायचं आहे, आणि ते आमच्याबद्दल आहे.

त्या बैठकीनंतर एक कार्यकर्ता म्हणाला, "दादा, विषय चांगला आहे, पण आपले लोक आता ते काम करत नाहीत." आपले म्हणजे बौद्ध. हे अर्धंच खरं आहे, ठेकेदाराच्या हजेरीपत्रकावर आपलीही नावं असतात, घरी सांगत नाहीत एवढंच. पण समजा खरं आहे. आपण सोडलेल्या कामात मेहतर, रुखी, मातंग भाऊ उतरतात, आणि आपण वरून बघतो, तर त्या मुकादमात आणि आपल्यात फरक काय राहिला?

मामा मातंग आहेत. दरवर्षी जयंतीला विहारात येतात, सतरंज्या उचलायला शेवटपर्यंत थांबतात. २०२४ च्या जयंतीच्या आदल्या दिवशी विहारामागचा संडास तुंबला. पाहुणे यायचे होते. आम्ही कुणाला फोन केला? मामांना. ते आले, झाकण उघडलं, अर्ध्या तासात काम झालं. आम्ही पैसे दिले, जेवायला बसवलं, त्यांच्या पाठीवर हातही ठेवला असेल. आत काय आहे हे कुणी तपासलं नाही. 'उतरू नका' कुणी म्हटलं नाही. 'उतरायचं का' असंही विचारलं नाही. समाजशास्त्रात एम.ए. झालेली माणसं तिथे उभी होती आणि डोक्यात उद्याचा मंडप होता. परवा विमानाचा विषय निघाला तेव्हा मामांनी मुकादमाचं नाव घेतलं, आमचं घेतलं नाही. हा त्यांचा मोठेपणा.

म्हणून यंदा जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे पैसे काढले. भांडणं झाली, एक गट मिरवणुकीला आला नाही. त्या पैशातून वायू मोजायचं एक मीटर घेतलं आणि एक पानाचा मराठी कागद तयार केला. झाकण उघडायच्या आधी काम सांगणाऱ्याने त्यावर सही करायची. टाकीत माणूस उतरणार नाही, काम वरून किंवा गाडीने होईल. झाकण उघडून ठेवून मीटरने वायू तपासला जाईल. कामगाराने कुठल्याही क्षणी थांबतो म्हटलं तर काम थांबेल आणि ठरलेली मजुरी पूर्ण द्यावी लागेल. का थांबला हे त्याला विचारता येणार नाही. शेवटचं वाक्य मामांनी घालायला लावलं. म्हणाले, "कारन इचारलं की माणूस लाजून उतरतो."

हा कागद कायद्याची जागा घेत नाही. प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपंचायत, महापालिकेच्या ठेक्यात हे कलम छापील असावं, नकाराची मजुरी ठेकेदाराच्या बिलातून जावी, आणि मजुरी नाकारणाऱ्यावर २०१३ च्या कायद्याखाली तक्रार घ्यावी, ही आमची मागणी आहे. तिचं निवेदन आम्ही देणारच आहोत. निवेदनं देण्यात आपली चळवळ कधी कमी पडली नाही.

कागदाचं काय झालं ते सांगतो. आतापर्यंत पाच ठिकाणी तो पुढे केला. दोन घरमालकांनी सही केली, त्यातल्या एका बाईंनी वाचून विचारलं की हे आधी का नव्हतं. एकाने सही न करता सरळ मिरजेहून उपसा गाडी मागवली, तेही चांगलंच. उरलेल्या दोघांनी मामांना "राहू दे, बघू" म्हणून परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उतरवला. त्या दोन दिवसांची मजुरी मामांना मंडळाच्या पेटीतून दिली. पेटीत आता फारसं उरलेलं नाही.

तो दुसरा माणूस कोण, हे शोधायला आठवडा गेला. पंचविशीतला पोरगा आहे, जत तालुक्यातून आलेला, इथे भाड्याने राहतो. फोनवर म्हणाला, कागद-बिगद नको, काम जाईल. येत्या रविवारी आम्ही आणि मामा त्याच्याकडे जाणार आहोत. मीटर सोबत नेणार आहोत.

जय भीम.